अंगणातली काटक्यांची जुडी, म्हणजे आमची धायटी

फेब्रुवारीत यवतेश्वरच्या घाटातून वर जाताना कधी गाडीची काच खाली करून डोंगराच्या बाजूला बघितलंय का? सप्टेंबरात ह्याच रस्त्याला कासची फुलं बघायला गाड्यांची रांग लागते, पोलीस उभे, कणीसवाले उभे, पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत सगळं गवत वाळून करडं पडतं, मग इथं कोण कशाला थांबतंय. आणि नेमकं तेव्हाच, रस्ता करताना डोंगर खोदून जो उघडा मुरूम राहिलाय ना, जिथं धड गवताची काडी उभी राहत नाही, तिथं धायटी पेटलेली असते. लांबलचक वाकलेल्या फांद्या, पानं असून नसल्यासारखी, आणि अख्ख्या फांदीला लालभडक नारिंगी फुलं अशी चिकटलेली की कुणीतरी बसून एकेक लावलीत.

लग्न होऊन साताऱ्यात आले तेव्हापासून मला ही अंगणात पाहिजे होती. माझं माहेर जावळीतलं, तिथं धायटी कुणी लावत नाही, ती असतेच. शाळेतून येताना फुलं तोडायची, देठाकडून चोखायची, थेंबभर मध येतो तोंडात, आणि मग ती फुलं टाकून पुढचं झुडूप. कुणाला वाटलंही नसेल की ह्या झाडासाठी पुढं मी पाच वर्षं डोकं लावून बसेन. पण बसले. आणि त्यातली पहिली चार वर्षं मी जे जे करायला नको ते सगळं करून झालं, म्हणून हे लिहितेय, निदान तुम्ही तरी करू नका.

सुरुवात नर्सरीपासून. तीन नर्सऱ्या फिरले. पहिल्या दोघांना नावच माहीत नव्हतं. तिसरा म्हणाला, "मॅडम, ते जंगली आहे, ते कुणी घेत नाही. पक्ष्यांसाठी पाहिजे ना? हमेलिया न्या." आता हमेलिया वाईट झाड आहे असं नाही, शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे ते चिमुकले पक्षी, येतातच त्याच्यावर, पण ते अमेरिकेतलं. बोगनवेल ब्राझीलकडची, ड्युरांटा अमेरिकेतलं, पिवळी अलामांडा पण तिकडचीच, आणि जी घाणेरी आपल्या डोंगरांना पुरून उरलीये ती सुद्धा कधीतरी कुणीतरी शोभेची म्हणूनच आणलेली. मी काही देशी-विदेशीचा झेंडा घेऊन उभी नाहीये, माझ्या गेटवर बोगनवेल आहे आणि ती मला आवडते. फक्त नवल वाटतं की समोरच्या डोंगरावर जे फुकट उगवतं ते घेण्यासाठी माणसाला एवढं फिरावं लागतं.

नंतर विचार केल्यावर कारण पण कळलं. लोक रोपं घ्यायला येतात जूनमध्ये. जूनमध्ये धायटी म्हणजे काय, तर पिशवीत उभ्या चार तांबूस काड्या आणि बारकी भाल्यासारखी पानं. फूल नाही, कळी नाही, धड आकार नाही. शेजारी फुललेली जास्वंद ठेवली तर कोण हिला हात लावेल? आणि जेव्हा ती खरी दिसते, म्हणजे जानेवारी ते मार्च, तेव्हा नर्सरीत कुणी झाडं लावायच्या विचाराने येत नाही. मी पहिल्यांदा रोप घरी आणलं तेव्हा सासूबाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "ही काटक्यांची जुडी बंबात घालायला आणलीये का?" तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव जुडी.

रोप शेवटी मिळालं एका मैत्रिणीकडून, ती हौसेनं देशी झाडांची रोपं करते. एक गोष्ट इथं सांगून टाकते, डोंगरावरून उपटून आणायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पण एक तर वनखात्याच्या जमिनीतून रोप काढून आणणं कायद्यात बसत नाही, आणि दुसरं म्हणजे उपटलेली धायटी जगतच नाही हो. तिची मुळं मुरमाच्या भेगांत शिरलेली असतात, तुम्ही ओढता तेव्हा अर्धी तुटून तिथंच राहतात आणि तुमच्या हातात येते ती खरोखर काटक्यांची जुडी.

फुलाबद्दल जरा सांगते, कारण मला स्वतःला हे इतकी वर्षं माहीत नव्हतं. धायटीचं जे लाल दिसतं ना, त्या पाकळ्या नव्हेतच. तो निदल आहे, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण, ते लांबट नळीसारखं झालंय, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचं, किंचित वाकडं. पाकळ्या आत असतात सहा, पण एवढ्या बारीक की शोधाव्या लागतात. नळीच्या तोंडातून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात, ब्रशच्या केसांसारखे. आता डाळिंबाचं फूल आठवा, तेही बाहेरून जाड लाल असतं आणि तेच पुढं फळाला मुकुटासारखं चिकटून राहतं. तर डाळिंब, मेंदी आणि आपला तामण, तोच तो महाराष्ट्राचं राज्यफूल वगैरे, हे सगळे धायटीचे भाऊबंद, एकाच कुळातले. बागेच्या दृष्टीनं ह्याचा फायदा असा की पाकळ्या असत्या तर दोन दिवसांत गळून गेल्या असत्या, निदल गळत नाही. फूल जुनं झालं तरी नळी फांदीवर राहते, हळूहळू विटकरी होते, आत बोंड पिकतं, आणि लांबून बघणाऱ्याला झाड अजून फुललेलंच वाटतं. त्यामुळे जानेवारीत सुरू झालेला रंग मार्चअखेरपर्यंत टिकतो.

फूल नसताना ओळखायची असेल तर पान उलटं करून बघा. खालची बाजू पांढुरकी आणि त्यावर बारीक काळे ठिपके, कुणी पेनचं टोक टेकवत गेल्यासारखे. पानं समोरासमोर जोडीनं, देठ जवळजवळ नाहीच. साल तांबूस आणि पातळ, तिचे धागे-धागे सुटलेले असतात. हे बघितलं की मग चूक होत नाही.

तर पहिलं रोप. २०२० चा जून. अंगणातली सगळ्यात चांगली जागा दिली तिला. दीड फुटाचा खड्डा, काळी माती, अर्धी पाटी शेणखत, थोडी निंबोळी पेंड, आणि लॉकडाऊनमुळे घरातच असल्यामुळे रोज सकाळी उठून बघायचं, माती जरा सुकली वाटली की पाणी. पहिले तीन आठवडे मस्त, नवीन पानं आली, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. जुलैत पाऊस लागला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पानं पिवळी पडून खाली मान टाकली, मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणजे बघा, पावसाळ्यात मला वाटलं पाणी कमी पडलं! पंधरा दिवसांत गेलं. उपटून बघितलं तर मुळं काळी, बोटात धरली की साल निघून येत होती, वास मारत होता.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं तिला तू गादीवर झोपवलीस. तिला दगडावर झोपायची सवय."

मी वाद घातला. म्हणलं अण्णा, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथल्या उतारांवर ही सुखानं जगते, मग माझ्या दोन तांब्यांनी कशी मरेल? त्यावर ते म्हणाले तिथं पाणी पडतं, थांबतं का? आणि हेच सगळं आहे खरंतर. उतारावर कितीही पाऊस होऊ दे, मुरमातून पाणी खाली निघून जातं, तासाभरात मुळांना हवा मिळते. माझ्या अंगणातली काळी माती एकदा भिजली की आठवडाभर चिखल धरून बसते. त्यात मी खड्डा केलेला, म्हणजे आजूबाजूचं सगळं पाणी त्याच खड्ड्यात येणार. मी धायटीसाठी खड्डा नाही, विहीर खणली होती.

दुसरं रोप लावलं २०२१ च्या जूनला आणि ह्यावेळी खड्डाच केला नाही. उलट उंचवटा केला. कंपाउंडच्या कडेला जुन्या बांधकामाचा राडारोडा पडलेला, विटांचे तुकडे वगैरे, तो खाली पसरला साधारण अर्धा फूट. त्यावर तीन भाग मुरूम आणि एक भाग अंगणातलीच माती असं मिसळून दीड फूट उंच ढीग, वरून चपटा, बाजूंनी उतरता. ढीग पावसानं वाहून जाऊ नये म्हणून कडेनं दगड रचले. शेणखत फक्त ओंजळभर, तेही खाली नाही, वरून. रोप पिशवीत ज्या उंचीला होतं त्याच उंचीला लावलं, बुंधा मातीत गाडला नाही. आणि जागा निवडली दक्षिणेकडची, जिथं दुपारी चप्पल न घालता उभं राहता येत नाही.

पाण्याचं म्हणाल तर पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दिलं, कारण मुळं अजून खाली गेली नव्हती. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, पण एकदाच भरपूर. तिसऱ्या वर्षापासून बंद. म्हणजे अगदीच मे महिन्यात पानं गुंडाळायला लागली तर एखादी बादली, नाहीतर नाही. आता शेजारच्या जास्वंदीला पाणी घालताना पाईप तिच्यावरून जातो तेव्हा मी पाणी वळवते, पाहुणे आले की त्यांना हे विचित्र वाटतं.

रोप जगलं, वाढलं, दोन वर्षांत माझ्या खांद्याएवढं झालं. फुलं मात्र नाहीत. आता इथं माझी दुसरी चूक. २०२२ च्या दिवाळीनंतर मला राहवलं नाही, गुलाबांना टाकताना हिच्या बुंध्यातही मूठभर युरिया आणि वर कंपोस्ट असं टाकलं. झालं काय, जानेवारीत जेव्हा तिनं पानं कमी करून फुलायला लागायचं तेव्हा ही हिरवीगार, चाबकासारखे सरळ कोवळे फुटवे सहा-सहा फुटांचे, मऊ मऊ पानं, आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर मावा. फुलं मोजून अकरा. मी खरंच मोजली. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागे लागतं हे गुलाबाच्या बाबतीत मला पाठ होतं, पण हिच्या बाबतीत वाटलं की जंगली आहे, बिचारीला कधी काही मिळालं नाही, जरा खाऊ दे. तर नाही. हिला खत नको. आता मी फक्त पावसाच्या सुरुवातीला तिचाच पडलेला पालापाचोळा तिच्याच बुंध्याशी सरकवते आणि तेवढंच.

तिसरी चूक माझी नाही पण दोष माझाच. २०२३ च्या नोव्हेंबरात आमच्या लेनमध्ये महिन्यातून एकदा येणारे माळी आले होते, मी कामावर, सासूबाईंनी त्यांना सांगितलं की जुडी फार वाकडीतिकडी झालीये, रस्त्यावर येतीये, जरा नीटनेटकी करा. त्यांनी केली की नीटनेटकी. मेंदीच्या कुंपणासारखी, गोल, वरून सपाट. संध्याकाळी येऊन मी बघितलं आणि मला रडायचं का हसायचं कळेना. आता ह्यात माळीकाकांचं काय चुकलं, कुंपणाची झुडपं अशीच कापतात. पण धायटीचं वेळापत्रक असं आहे की पावसाळ्यात जे नवीन लांब फुटवे येतात, त्याच फुटव्यांवर पानांच्या बगलेत पुढं जानेवारी-फेब्रुवारीत फुलांचे झुबके लागतात. नोव्हेंबरात तुम्ही फांदी कापली म्हणजे तीन महिन्यांनी येणारी फुलं कापली. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या गोल गोळ्याच्या आतून, जिथं कात्री पोचली नव्हती, तिथून दोन-चार फांद्या लाल होऊन डोकावत होत्या. तेवढ्यावर समाधान.

म्हणून छाटणी कधी, तर फुलं संपली की. एप्रिलच्या शेवटापासून मे अखेरपर्यंत, पाऊस यायच्या आत. बिया धरायच्या असतील तर दोन-तीन फांद्या बोंडं पिकेपर्यंत ठेवा, बाकीच्या कापा. आणि कापायचं म्हणजे शेंडे खुडत बसायचं नाही, त्यानं ती वरूनच झाडूसारखी फुटते आणि अजून वाईट दिसते. सगळ्यात जुन्या, जाड, खरबरीत झालेल्या फांद्या थेट जमिनीपासून वीतभर ठेवून कापायच्या, दरवर्षी एक तृतीयांश. घाबरायचं नाही. डोंगरावर वणवा लागतो, लाकूडफाट्याला लोक तोडून नेतात, आणि तरी पुढच्या पावसात ती बुंध्यातून परत फुटते, ही आपल्या कात्रीला काय भीक घालणार. मी २०२४ च्या मे महिन्यात तो गोल गोळा मोडला, आतल्या जाड फांद्या काढल्या, बाकी सोडून दिली. पावसाळ्यात फवाऱ्यासारख्या फांद्या सुटल्या, आठ-आठ फूट, वाकून जमिनीकडे येणाऱ्या. तिचा खरा आकार हाच, कारंज्याचा. त्याला सरळ करायला जाऊ नका. तिला पसरायला जागा द्या, मध्ये सहा फूट तरी, आणि वाटेच्या अगदी कडेला लावू नका नाहीतर येता-जाता फांद्या तोंडावर येणार आणि मग घरातलं कुणीतरी माळ्याला बोलवणार.

२०२५ च्या जानेवारीत मकरसंक्रांतीच्या आसपास पहिल्या कळ्या दिसल्या आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती फुलली. कशी फुलली ते मी सांगत नाही, सुरुवातीला घाटातलं सांगितलंय तेच, फक्त माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

आणि मग सुरू झाली शिंजिरांची भांडणं. जांभळा शिंजीर, नर फेब्रुवारीत अगदी ऐन रंगात असतो, सावलीत काळा दिसतो आणि ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. पहाटे साडेसहाला येऊन एकजण फांदीचा ताबा घेणार, दुसरा आला की चिविट चिविट करून त्याला अंगणाबाहेर घालवणार, तोवर मादी शांतपणे खालच्या फांदीवरची सगळी फुलं उरकणार. ह्या पक्ष्यांना बसून प्यायला आवडतं, आणि धायटीची फुलं फांदीला लगटून असतात, त्यामुळे फांदी हीच त्यांची बसायची जागा, सरकत सरकत एका टोकाकडून दुसरीकडे. फुलाची ती वाकडी नळी आणि ह्यांची वाकडी चोच बघितली की कळतं की हे जुनं लग्न आहे. शिवाय चष्मेवाला नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांचा थवा येतो, बुलबुल येतात, मधमाश्या तर दिवसभर. डोंगरावर ह्या दिवसांत पळस, पांगारा, काटेसावर अशी मोठी झाडं लाल फुलून पक्ष्यांना पोसत असतात, पण आपल्या दोन-तीन गुंठ्यांच्या अंगणात कुठं सावर लावणार. झुडपात म्हणाल तर धायटीच.

सासूबाईंचं मत त्या महिन्यात बदललं असं म्हणायला हरकत नाही, नाव मात्र जुडीच राहिलं. त्या खुर्ची घेऊन खिडकीत बसायला लागल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "अगं, ही म्हणजे धायफूलच की! आमच्याकडे वैद्य घ्यायचे ही वाळवून." आणि मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या लहानपणी गावात पोत्यानं वाळलेली फुलं गोळा करून काष्ठौषधीवाल्याला विकायचे. आयुर्वेदातलं ते धातकीपुष्प म्हणजे हेच. आसव-अरिष्टं करतात ना, अशोकारिष्ट वगैरे, त्यात काढा आणि गूळ एकत्र करून ते आंबवायला ठेवतात तेव्हा त्यात धायटीची फुलं घालतात. फुलात मध असतो, त्यावर निसर्गतःच यीस्ट वाढलेलं असतं, ते काढ्यात उतरतं आणि आंबवणं सुरू होतं. म्हणजे विरजण म्हणा ना. शिवाय फुलांत टॅनिन भरपूर, पूर्वी कापड रंगवायला आणि कातडी कमवायलाही वापरायचे. संस्कृतात हिला ताम्रपुष्पी म्हणतात, अग्निज्वाला पण म्हणतात, ज्यानं कुणी ही नावं ठेवली त्यानं फेब्रुवारीत डोंगर बघितलेला असणार. (हे वाचून घरी आसव करायला जाऊ नका प्लीज, ते वैद्यांचं काम.)

आता रोपं कशी करायची, कारण हे सगळं वाचून तुम्ही नर्सरीत जाल आणि हात हलवत परत याल. दोन रस्ते आहेत.

कटिंग. जूनच्या पहिल्या पावसानंतर, पेन्सिलीएवढ्या जाड, ना कोवळ्या ना अगदी जून अशा फांदीचे सात-आठ इंचाचे तुकडे. खालचा छेद गाठीच्या लगेच खाली, पानं वरची दोन ठेवून बाकी काढा, रूटिंग हार्मोनची पावडर लावा, जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं. सावलीत. मी वीस लावले होते, सहा जगले. मैत्रिणीचे माझ्यापेक्षा जास्त जगतात पण तिच्याकडे शेडनेट आहे आणि मुख्य म्हणजे ती रोज उपसून मुळं आली का बघत नाही.

बिया. ह्या मला जास्त आवडल्या, वेळ लागतो तरी. एप्रिलमध्ये नळ्या वाळून तपकिरी होतात, आतल्या बोंडात बिया असतात, किती बारीक तर खसखस हिच्यापुढं शेंगदाणा वाटेल. फांदी पांढऱ्या कागदावर झटकायची, पंखा बंद करून, हे महत्त्वाचं. ट्रेमध्ये बारीक चाळलेली माती आणि वाळू, वरून दाबून सपाट, त्यावर बिया नुसत्या भुरभुरायच्या. वर माती टाकायची नाही, एवढ्याशा बीला एवढी माती फोडून वर यायची ताकद कुठली. झारीनं पाणी घातलं तर सगळ्या बिया एका कोपऱ्यात वाहून जातात, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा, खालून ओल येऊ द्यायची. दोन-तीन आठवड्यांत हिरवी धूळ उडाल्यासारखं दिसायला लागतं, ती तुमची रोपं. चार पानं झाली की टूथपिकनं उचलून वेगळी करा. बीपासूनच्या रोपाला फुलं यायला तीनेक वर्षं धरून चाला, आणि तेही उन्हात ठेवलं तर. सावलीत ठेवाल तर पानंच बघत बसाल.

कुंडीत जमेल का असं दोघी-तिघींनी विचारलं. जमतं, पण कुंडी मोठी हवी, सोळा-अठरा इंची, तळाला भोकं मोठी, आणि तेच मुरमाचं मिश्रण. खाली ताटली ठेवायची नाही. गच्चीवर दिवसभर ऊन असेल तर माझ्या मते बाल्कनीपेक्षा तिथं ठेवा. फुलं जमिनीतल्याच्या मानानं कमी येतात, आणि कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं कारण मुळांना खाली जायला जागा नसते, त्यामुळे वर मी पाणी बंद करा म्हणलं ते कुंडीला लागू नाही.

रोगराई म्हणाल तर खत घातलं त्या वर्षीचा मावा सोडला तर काही नाही. गेल्या वर्षी एका फांदीला पांढरा ढेकूण लागला होता, फांदी कापून टाकली, संपलं.

आता ह्या वर्षीचं. गेल्या एप्रिलमध्ये मी बिया झटकून कागद घडी करून ओट्यावर ठेवला आणि आत डबी आणायला गेले. तेवढ्यात सासूबाईंनी, कुणीतरी तंबाखू सांडून ठेवलीये असं वाटून, तो कागद कंपाउंडच्या बाजूला नेऊन झटकला. वर्षभराच्या बिया. मी काही बोलले नाही, दुसऱ्या फांदीच्या काढल्या, ट्रे केला, परातीत ठेवला, रोज बघितलं, शेडनेटचा तुकडा पण आणला ह्यावेळी. ट्रेमधली चाळीसेक उगवली, त्यातली आता नऊ उरलीत, अंगठ्याएवढी.

आणि दिवाळीआधी कंपाउंडला रंग काढताना रंगवाले दादा विचारत आले की ताई, भिंतीच्या दगडात काहीतरी उगवलंय, उपटू का. जाऊन बघितलं तर दोन दगडांच्या मधल्या सांध्यात, जिथं चिमूटभर पण माती नाही, चार बोटं उंचीचं रोप. पान उलटं केलं. काळे ठिपके.

दादांनी तेवढा एक तुकडा सोडून बाकी भिंत रंगवली. आता ते रोप वीतभर झालंय, ट्रेमधल्या नऊच्या नऊ रोपांपेक्षा उंच. आमच्या घरात एक गट म्हणतो की मोठं झालं की भिंत फोडेल, आत्ताच काढा, आणि दुसऱ्या गटात मी आणि सासूबाई आहोत.